दंश, दाह आणि दक्षता

यवतमाळ जिल्ह्यातील ग्रामीण माणसाचे जीवन बव्हंशी उघड्यावर चालते. खरिपाची पेरणी, निंदणी, कापसाची वेचणी, तुरीची सोंगणी ही शेतीची कामे तर आहेतच. शिवाय उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले वेचणे, पुढे तेंदूपाने तोडणे, चारोळी, डिंक आणि मध गोळा करणे ही जंगलाची कामेही आहेत. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या, सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात टिपेश्वर आणि पैनगंगा ही अभयारण्ये आहेत. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी, राळेगाव या भागांत कोलाम बांधवांचे पोड रानाला लागूनच वसलेले आहेत. अशा प्रदेशात मधमाशी किंवा गांधीलमाशी एकदाही डसली नाही असा प्रौढ माणूस क्वचितच आढळेल.

नेमक्या याच कारणामुळे या विषयाकडे दुर्लक्ष होते. साप म्हटले की गाव जागे होते. विंचू म्हटले की धावपळ सुरू होते. परंतु माशी चावली असे सांगणाऱ्याची बहुधा थट्टाच होते. शंभरांतील बहुसंख्य प्रसंगी ही थट्टा खपून जाते. उरलेल्या थोड्या प्रसंगी मात्र एकाच माशीचा एकच डंख धडधाकट माणसाचा अर्ध्या तासाच्या आत बळी घेऊ शकतो. असे मृत्यू टाळता येण्यासारखे असतात आणि त्यासाठी लागणारे औषध स्वस्त व जुने आहे. अडचण असते ती ओळखण्याची आणि वेळेची. म्हणून हा विषय डॉक्टरांप्रमाणेच शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, वनरक्षक आणि पंचायत सदस्य यांनीही समजून घेणे अगत्याचे आहे.

एका धुऱ्यावरील तीन मजूर

असा एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. तुरीच्या शेतात तीन मजूर काम करीत आहेत. धुऱ्यावरील झुडपात गांधीलमाश्यांचे पोळे आहे. विळ्याचा धक्का लागतो आणि तिघांनाही प्रत्येकी एक-दोन माश्या डसतात.

पहिल्या मजुराला त्या जागी आग होते, लालसर गाठ येते आणि संध्याकाळपर्यंत तो ते विसरूनही जातो. दुसऱ्याचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजतो. सूज दुसऱ्या दिवशी वाढते आणि उतरण्यास चार-पाच दिवस लागतात. तिसऱ्याला पाच मिनिटांतच तळहातांना व डोक्याला खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, आवाज बसतो, छाती आवळल्यासारखी वाटते आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो मटकन खाली बसतो.

तिघांना डसलेल्या माश्या एकाच पोळ्यातील आहेत. विषही सारखेच आणि जवळपास तेवढेच आहे. फरक आहे तो तिघांच्या शरीरांनी दिलेल्या प्रतिसादात. पहिल्याला झाली ती विषाची साधी स्थानिक प्रतिक्रिया होय. दुसऱ्याची स्थानिक ॲलर्जी आहे. ती त्रासदायक असली तरी सहसा जिवावर बेतत नाही. तिसऱ्याला झालेली प्रतिक्रिया सर्वांगी व तीव्र ॲलर्जीची आहे. वैद्यकशास्त्रात तिला ‘ॲनाफिलॅक्सिस’ म्हणतात. गावाने ओळखायला शिकायचे आहे ते या तिसऱ्या मजुराला.

डंख मारणारे कीटक

मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या हे एकाच कीटकगणातील प्राणी आहेत. यांची नांगी म्हणजे मूळच्या अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप होय. त्यामुळे डंख फक्त माद्यांनाच मारता येतो. मधमाश्यांमध्ये हे काम कामकरी माश्या करतात. नर माशीला नांगीच नसते.

आपल्याकडे मधमाश्यांच्या मुख्य जाती परिचित आहेत. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणारी सातेरी तुलनेने शांत असते आणि ती पेटीत पाळता येते. झुडपाच्या फांदीवर लहानसे एकच पोळे करणारी फुलोरी आकाराने छोटी असते. परदेशातून आणलेली मेलिफेरा पेट्यांतून पाळली जाते. या सर्वांहून मोठी व उग्र असते ती आग्या मोहोळाची माशी. उंच वड, उंबर, सावर अशा झाडांच्या आडव्या फांद्यांना, कड्यांना, पुलांच्या कमानींना आणि पाण्याच्या टाक्यांनाही तिचे एकच प्रचंड, उघडे पोळे लटकलेले दिसते. एका पोळ्यावर हजारो माश्या असतात. ही माशी पाळता येत नाही. ऋतुमानाप्रमाणे ती स्थलांतर करते आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे त्याच झाडावर परत येते.

मधमाशी आणि गांधीलमाशी यांच्या डंखात एक महत्त्वाचा भेद आहे. मधमाशीच्या नांगीला उलट्या दिशेचे काटे असतात. त्यामुळे ती माणसाच्या कातडीत अडकते आणि विषाच्या पिशवीसह तुटून तेथेच राहते, माशी मरते. तुटलेली पिशवी मात्र आकुंचन पावत राहते आणि विष आत सोडत राहते. बहुतेक विष पहिल्या मिनिटाच्या आतच शरीरात उतरते. यासाठी काटा ताबडतोब काढणे महत्त्वाचे ठरते. तो चिमटीने काढू नये, खरवडूनच काढावा, असे पूर्वी सांगितले जाई. परंतु काढण्याच्या पद्धतीपेक्षा काढण्याची त्वरा महत्त्वाची आहे, असे १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले. नखाने, बोटाने, जसा निघेल तसा काटा काढावा; चिमटा शोधत बसू नये. गांधीलमाशीची नांगी त्या मानाने गुळगुळीत असते. ती तुटत नाही, म्हणून एकच गांधीलमाशी अनेकदा डसू शकते आणि तिच्या दंशात काढण्यासारखा काटा सापडत नाही.

रक्षणाच्या उलट

मधमाशीच्या विषात अनेक द्रव्यांचे मिश्रण असते. त्यातील ‘मेलिटिन’ या द्रव्याने वेदना होते व पेशींची नासधूस होते. याखेरीज काही विकरे असतात आणि ॲलर्जी निर्माण होण्यास मुख्यतः तीच कारणीभूत ठरतात. एका डंखातील विषाचे वजन मिलिग्रॅमच्याही लहान अंशाइतके असते. तेवढ्या विषाने निरोगी माणूस दगावण्याचे कारण नाही. मग तिसरा मजूर कोसळला कशाने?

या प्रश्नाच्या उत्तराची सुरुवात १९०२ साली झाली. चार्ल्स रिशे व पॉल पोर्तिए हे फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रफुलाच्या विषावर प्रयोग करीत होते. विषाची थोडी मात्रा आधी दिली, तर कुत्र्याच्या शरीरात त्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण होईल, अशी त्यांची अपेक्षा होती. घडले उलटेच. पहिली मात्रा पचविलेले जनावर काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी अल्प मात्रेने काही मिनिटांत मरण पावले. रक्षणाच्या उलट होणाऱ्या या क्रियेला त्यांनी ‘ॲनाफिलॅक्सिस’ हे नाव दिले. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या क्रियेचे कारण आज ज्ञात आहे. काही व्यक्तींच्या शरीरात पहिल्या दंशानंतर त्या विषाविरुद्ध एका विशिष्ट प्रकारची प्रतिपिंडे तयार होतात आणि ती त्वचा, श्वासमार्ग, आतडी व रक्तवाहिन्या यांच्याजवळील काही पेशींवर जाऊन बसतात. त्या वेळी बाहेरून काहीही दिसत नाही. पुढे महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा दंश झाला, की या पेशी आपल्यातील हिस्टामिन व इतर द्रव्ये एकदम बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैल पडतात आणि त्यांतील द्रव बाहेर झिरपतो, रक्तदाब कोसळतो, घसा सुजतो, श्वासनलिका आवळतात. म्हणजे माणसाचा प्राण घेते ते केवळ विष नसून, विषाविरुद्ध शरीराने पुकारलेले युद्धच होय.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. ‘आजवर दहा वेळा माशी चावली, काही झाले नाही’ हे पुढच्या वेळेचे अभयपत्र नव्हे. उलट, पूर्वी एकदा सर्वांगी प्रतिक्रिया येऊन गेलेल्या प्रौढांपैकी साधारणतः निम्म्या जणांना पुढील दंशातही तशी प्रतिक्रिया येण्याचा संभव असतो. निरनिराळ्या देशांतील पाहण्यांनुसार सुमारे शेकडा तीन प्रौढांना आणि त्याहून कमी मुलांना कीटकदंशाची सर्वांगी ॲलर्जी आढळते. मोठ्या गावात अशा व्यक्ती मूठभर का होईना, असणारच. मधमाशीची ॲलर्जी असलेल्यास गांधीलमाशीची असेलच असे मात्र नाही.

धोक्याची चिन्हे

दंशाच्या जागी होणारी आग आणि सूज हे धोक्याचे चिन्ह नव्हे. दंश झाला त्या जागेपासून दूर, शरीरात अन्यत्र काय घडते आहे, ते पाहावे. पुढील लक्षणांपैकी काहीही दिसू लागले तर तो तातडीचा प्रसंग समजावा: सर्वांगाला खाज व गांधी, ओठ, जीभ किंवा पापण्या सुजणे, आवाज घोगरा होणे, गिळताना अडचण, धाप, छातीत घरघर, पोटात मुरडा, उलटी, चक्कर, घाम, अंग गार पडणे, शुद्ध हरपणे. लहान मूल एकाएकी मलूल व पांढरेफटक पडले, तर तेही असेच चिन्ह मानावे.

अंगावर गांधी उठल्याच पाहिजेत, असा समज करून घेऊ नये. काही रोग्यांत त्वचेवर काहीही न दिसता थेट रक्तदाब कोसळतो. दंशानंतर काही मिनिटांतच माणूस भोवळ येऊन पडला, तर ‘घाबरला असेल’ असे म्हणून त्याच्या तोंडावर पाणी शिंपडत बसण्यात अमोल वेळ जातो.

पहिली पंधरा मिनिटे

ब्रिटनमध्ये ॲनाफिलॅक्सिसने झालेल्या मृत्यूंच्या नोंदींचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. कीटकदंशाने मरण पावलेल्यांत दंशापासून हृदय किंवा श्वास बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ अवघा पंधरा मिनिटांचा होता. रानातून पोडापर्यंत, पोडातून डांबरी रस्त्यापर्यंत आणि रस्त्याने आरोग्य केंद्रापर्यंत लागणारा वेळ ज्याला ठाऊक आहे, त्याला या आकड्याचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

या पंधरा मिनिटांत चुना, कांदा, माती, लोखंड घासणे असल्या उपायांना जागा नाही. साध्या दंशात त्यांनी मनाला समाधान वाटत असेल. तीव्र ॲलर्जीत त्यांचा काहीही उपयोग नाही. करावयाच्या गोष्टी मोजक्याच आहेत. रोग्याला पोळ्यापासून दूर न्यावे. काटा असल्यास लगेच काढावा. १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून ‘माशीच्या दंशाने श्वास लागला आहे’ किंवा ‘शुद्ध जात आहे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे. त्याच वेळी जवळच्या उपकेंद्रालाही कळवावे.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट सांगावयास हवी. अशा रोग्याला उभे करू नये, चालवू नये. त्याला उताणे निजवून पाय उंच ठेवावेत. रक्तवाहिन्या सैल पडल्यामुळे रक्त पायांकडे साचलेले असते; अशा वेळी माणूस एकदम उठून बसला किंवा उभा राहिला, तर हृदयाकडे परत येणारे रक्तच आटते आणि हृदय बंद पडू शकते. रोग्याला बसते किंवा उभे करताच मृत्यू ओढवल्याची उदाहरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. खेड्यात मात्र रोग्याला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून नेण्याची रीत आहे. सद्‌हेतूने केलेली ही धावपळच घातक ठरू शकते. जीप, मालवाहू टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली, प्रसंगी बैलगाडी, जे मिळेल त्यात रोग्याला आडवे करूनच न्यावे. उलटी होत असल्यास किंवा शुद्ध नसल्यास त्याला कुशीवर वळवावे. फार धाप लागली असून निजणे अशक्य होत असेल, तरच पाठीला आधार देऊन, पाय लांब पसरून बसू द्यावे.

औषध एकच: ॲड्रिनॅलिन

तीव्र ॲलर्जीवर पहिले औषध ॲड्रिनॅलिन हेच होय. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी शुद्ध स्वरूपात वेगळे केले गेलेले हे द्रव्य सैल पडलेल्या रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका मोकळ्या करते, हृदयाला बळ देते आणि पेशींतून हिस्टामिन बाहेर पडणेही रोखते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश आहे. एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम औषध असलेली कुपी मिळते. प्रौढास तिच्यातील अर्धा मिलिलिटर, आणि मुलास वजनाच्या प्रमाणात त्याहून कमी, मांडीच्या मधल्या भागात बाहेरच्या बाजूस स्नायूत टोचतात. गुण न आल्यास पाच ते पंधरा मिनिटांनी ही मात्रा पुन्हा देता येते. हे काम प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्याचेच आहे.

हिस्टामिनविरोधी व स्टेरॉइड प्रकारची इंजेक्शनेही अशा रोग्याला दिली जातात. ती निरुपयोगी नाहीत. परंतु त्यांचा परिणाम सावकाश होतो आणि कोसळलेला रक्तदाब ती सावरू शकत नाहीत. ती आधी देऊन वाट पाहणे आणि ॲड्रिनॅलिन अखेरच्या उपायासाठी राखून ठेवणे ही चूक होय. रोगी वयस्क आहे किंवा त्याला हृदयविकार आहे, एवढ्यावरूनही तीव्र ॲलर्जीत हे औषध नाकारू नये, असेच वैद्यकीय मत आहे.

हे औषध गावापासून फार दूर असण्याचे कारण नाही. लस टोचल्यानंतरही क्वचित अशीच तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते. म्हणून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात आरोग्य सेविकांना ॲड्रिनॅलिनसह आवश्यक संच देण्याची व एक मात्रा टोचण्याचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. मात्र हे औषध उष्णता व उजेड यांनी बिघडते. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथे कुप्या कोठे ठेवल्या आहेत, त्यांची मुदत कधी संपते, द्रवाला तांबूस रंग तर आला नाही ना, हे प्रश्न कागदी औपचारिकतेचे नाहीत. रंग बदललेले औषध वापरू नये.

रोग्याला बरे वाटू लागले तरी लगेच घरी धाडणे योग्य नाही. काही रोग्यांत लक्षणे शमल्यावर काही तासांनी पुन्हा उचल खातात. त्यामुळे त्याला काही तास, आणि प्रतिक्रिया तीव्र असल्यास रात्रभर, देखरेखीखाली ठेवावे लागते. घरी जाताना त्याला झालेल्या आजाराचे नाव लिहून द्यावे. पुढच्या वेळी तो कागदच त्याचा साक्षीदार ठरेल. अशा व्यक्तींना विषाच्या सूक्ष्म व वाढत्या मात्रा टोचून शरीराला सहनशील बनविण्याचा उपचारही आहे. शुद्ध विष वापरून केलेल्या अशा उपचाराची परिणामकारकता १९७८ साली अमेरिकेत झालेल्या तुलनात्मक चाचणीत सिद्ध झाली. आपल्या देशात तो सर्वत्र मिळत नाही. म्हणून ओळख, सावधगिरी आणि त्वरित औषध यांवरच आपली भिस्त आहे.

विंचूदंशाचा प्रकार याहून निराळा आहे, हेही ध्यानी घ्यावे. विंचू हा कीटक नव्हे आणि लाल विंचवाचे विष ॲलर्जीने नव्हे, तर हृदय व रक्ताभिसरण यांवर थेट आघात करून मारते. त्याचा उपचारही वेगळा आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात काम करताना १९८० च्या दशकात प्राझोसिन या साध्या गोळीचा विंचूदंशावरील उपयोग जगापुढे मांडला आणि अशा रोग्यांचे प्राण वाचविण्याचा मार्ग दाखविला. त्यांना २०२२ साली पद्मश्री देण्यात आली. ग्रामीण आरोग्य केंद्रातही लक्षणे नेमकी ओळखून योग्य औषध वेळेवर दिले तर केवढा फरक पडतो, याचा हा महाराष्ट्रातील वस्तुपाठ होय.

आग्या मोहोळ उठते तेव्हा

एका डंखाची ॲलर्जी हा एक धोका. शेकडो डंखांची विषबाधा हा दुसरा. आग्या मोहोळ उठले, म्हणजे ॲलर्जी नसलेला माणूसही संकटात सापडतो. या माश्या विनाकारण हल्ला करीत नाहीत. झाडाखाली केलेली चूल, चितेचा किंवा शेकोटीचा धूर, फटाके, मुलांनी भिरकावलेला दगड, फांद्यांची तोड किंवा पोळ्यावर झडप घालणारा शिकारी पक्षी, ही त्यांच्या उठण्याची नेहमीची कारणे होत. अजिंठ्यासारख्या लेण्यांत आणि किल्ल्यांच्या कड्यांवर पर्यटकांना आलेले अनुभव सर्वश्रुत आहेत.

मधमाशी डसते तेव्हा नांगीजवळून एक वासाचे द्रव्य बाहेर पडते. त्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो आणि तो इतर माश्यांना हल्ल्याची इशारत देतो. म्हणून अंगावरची माशी चिरडणे किंवा हात झाडत एका जागी उभे राहणे म्हणजे आणखी माश्यांना आवतण देणे होय. अशा वेळी तोंड व डोके दुपट्ट्याने, पदराने किंवा पोत्याने झाकून थेट धावत सुटावे आणि घर, शाळेची खोली, बंद गाडी अशा बंदिस्त जागेत शिरावे. विहिरीत किंवा तळ्यात उडी टाकू नये. माश्या पाण्यावर घिरट्या घालत राहतात आणि बुडण्याचा धोका वाढतो.

पन्नास किंवा त्याहून अधिक डंख झालेल्या माणसाला, तसेच थोडे डंख झालेल्या लहान मुलाला व वृद्धाला, प्रकृती ठीक दिसली तरी रुग्णालयात दाखवावे. मोठ्या प्रमाणात शरीरात गेलेले विष स्नायू व रक्तपेशी फोडते. त्यातून बाहेर पडलेली द्रव्ये मूत्रपिंडात अडकून ती निकामी होऊ शकतात. हा परिणाम एक-दोन दिवसांनीही प्रकट होतो. लघवी कमी होणे किंवा कोऱ्या चहासारखी काळपट होणे हा त्याचा इशारा होय. अशा रोग्याला यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयासारख्या मोठ्या रुग्णालयात हलविण्यास विलंब लावू नये.

मधमाशी शत्रू नव्हे

हे सर्व वाचून गावातील प्रत्येक मोहोळ जाळण्याचा ठराव होऊ नये. तूर, करडई, तीळ, कांद्याचे बियाणे, संत्रा अशा अनेक पिकांच्या परागीभवनात मधमाश्यांचा मोठा वाटा आहे. पोळे जाळले, की पिकाचा सेवक जातो आणि पेटलेल्या पोळ्यातून उधळलेल्या माश्या जाळणाऱ्यासह सारी वस्ती वेठीस धरतात.

मध काढणाऱ्या आदिवासी बांधवांना आग्या माशीच्या स्वभावाचे पिढीजात ज्ञान आहे. त्या ज्ञानाला संरक्षक पोशाख, दोर आणि पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून पिलाव्याचा भाग तसाच ठेवण्याची पद्धत यांची जोड दिली, तर माणूस आणि माशी दोघेही वाचतात. शेजारच्या वर्धा येथील ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने या दिशेने मध संकलकांना प्रशिक्षण दिले आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून कार्यरत आहे. सातारा जिल्ह्यातील मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. माशीला ओळखून तिच्याबरोबर नांदता येते आणि तिच्यापासून चार पैसेही मिळविता येतात, हे अशा प्रयत्नांवरून दिसते.

गावाने करावयाची कामे

या कामी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती थोड्या पूर्वतयारीची.

ग्रामपंचायतीने वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या आरंभी, शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, बाजाराची जागा आणि जत्रेचे मैदान येथील मोहोळांची पाहणी करावी. आग्या मोहोळ असलेल्या झाडाखाली फलक लावावा आणि तेथे चूल, धूर व फटाके यांस मनाई करावी. पोळे हलविणे अपरिहार्य असेल, तर ते वन विभागाच्या सल्ल्याने व जाणत्या माणसाकडूनच, वस्तीला आगाऊ सूचना देऊन हलवावे.

आशा सेविकेने घरभेटीत एक प्रश्न आवर्जून विचारावा: ‘माशी चावल्यावर कोणाला अंगभर गांधी उठून धाप लागली होती का किंवा चक्कर आली होती का?’ ‘होय’ असे उत्तर देणाऱ्यांची यादी उपकेंद्रात असावी. या व्यक्तींनी मोहोळ काढण्याच्या कामापासून दूर राहावे आणि रानात एकट्याने जाऊ नये.

शाळेत मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी पालकांकडून हीच माहिती घेऊन ती मुलाच्या आरोग्यपत्रिकेत नोंदवावी. सहलीला किंवा वनभोजनास निघताना ती पत्रिका सोबत असावी. विज्ञानाच्या तासाला मधमाशीचा धडा शिकविताना काटा कसा काढावा, कोणती चिन्हे ओळखावीत आणि रोग्याला आडवे का ठेवावे, हे प्रात्यक्षिकासह दाखविता येईल. मुलांनी शिकलेली गोष्ट घराघरांत पोहोचते, हा अनुभव स्वच्छतेच्या मोहिमेत आलेलाच आहे.

तेंदूपाने संकलन, रोपवन आणि रोजगार हमी यांसारख्या कामांवर प्रथमोपचार पेटीबरोबर एक बाज किंवा स्ट्रेचर आणि रोग्याला आडवे करून नेता येईल अशा वाहनधारकाचा दूरध्वनी क्रमांक असावा. भ्रमणध्वनीचा संपर्क कोठे मिळतो, तेही मजुरांना आधीच दाखवून ठेवावे. पंचायत सदस्यांनी आरोग्य केंद्राच्या बैठकीत ॲड्रिनॅलिनच्या साठ्याविषयी व मुदतीविषयी नियमितपणे विचारणा करावी.

तुरीच्या धुऱ्यावरील त्या तिसऱ्या मजुराकडे पुन्हा एकदा वळावे. त्याच्या सोबत्यांपैकी एकाने चिन्हे ओळखली, दुसऱ्याने त्याला उठू न देता पाय उंच करून निजविले, उपकेंद्रात मुदतीतील एक कुपी होती आणि ती टोचण्यास सेविका कचरली नाही, तर आठवड्याभरात तो पुन्हा कामावर दिसेल. या चार दुव्यांपैकी एकही निखळला, तर त्याच्या घरचा कमावता हात कायमचा जाईल. दुवे चारही गावातलेच आहेत. ते जुळवून ठेवण्याचे काम हंगाम सुरू होण्यापूर्वी करावयाचे आहे.